पैशाच्या तालमीतील वस्ताद



आपल्या शाळेच्या वार्षिक अंकासाठी एखादा अभ्यासलेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा प्रथम माझ्या मनात 'शून्याचा इतिहास' हा विषय आला होता. तो विषय सोपा होता, आणि त्यात स्वतःच्या चुकीची कबुली देण्याचा प्रसंग आला नसता. परंतु जी गोष्ट मी साठीच्या उंबरठ्यावर शिकलो ती तुमच्या कानांवर पंधराव्या वर्षी पडावी, या हेतूने शून्य बाजूस ठेवून हा दुसरा विषय घेतला आहे.

विषय असा : घरच्या पैशाचा कारभार कसा करावा हे शिकविणारा, आपल्याकडून तो सराव करवून घेणारा आणि आपण चुकलो तर तसे तोंडावर सांगणारा मार्गदर्शक. अलीकडे त्याला 'फायनान्शियल कोच' असे नाव पडले आहे. क्रिकेटमुळे 'कोच' हा शब्द तुमच्या परिचयाचा आहेच. मला मात्र आपल्या बडोद्याचा जुना शब्द अधिक जवळचा वाटतो, तो म्हणजे वस्ताद. प्रोफेसर माणिकराव आणि जुम्मादादा व्यायाम मंदिर यांच्या या शहरात वस्ताद म्हणजे काय ते समजावून सांगण्याची गरज नाही. वस्ताद तुमच्या वतीने जोर काढीत नाही, बैठका मारीत नाही. तो समोर उभा राहतो, मोजतो, आणि गुडघा चुकीचा वळला की हटकतो. शरीर तुमचे, घाम तुमचा, बळही तुमचेच. पैशाच्या बाबतीतही असा एक माणूस असू शकतो, हे मला ठाऊकच नव्हते. मला केवळ विक्रेते ठाऊक होते, आणि त्यांनाच मी सल्लागार समजत होतो.

आता कबुली. तीस वर्षांहून अधिक काळ मी गणित शिकविले. सरळव्याज, चक्रवाढव्याज, शेकडेवारी, भागीदारी ही प्रकरणे मला पाठ होती. फळ्यावर 'मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत' असे लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही. २०१६ साली मी निवृत्त झालो. भविष्य निर्वाह निधीची आणि उपदानाची रक्कम बँकेच्या खात्यात जमा झाली. खाते असलेल्या बँकेतील एका तरुण अधिकाऱ्याचा दोनच दिवसांत दूरध्वनी आला. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागविला, 'सर' म्हटले. निवृत्त शिक्षकाला 'सर' म्हटले की तो निम्मा विरघळतो, हे त्या मुलाला कोणी शिकविले असेल ते असो. "मुदत ठेवीसारखेच आहे सर, फक्त व्याज जास्त आणि वर विमा मोफत," असे तो म्हणाला. मी एक लाख रुपयांचा धनादेश दिला आणि त्याने बोट ठेवले तेथे तेथे सह्या केल्या. सह्या अकरा होत्या. वाचलेले पान एकही नव्हते.

पुढच्या वर्षी, २०१७ च्या जुलैमध्ये, घरी एक पत्र आले. आपला दुसरा वार्षिक हप्ता, रुपये एक लाख, अमुक तारखेपूर्वी भरावा. मी ज्याला ठेव समजत होतो ती पंधरा वर्षे मुदतीची विमा पॉलिसी होती आणि तिचे दहा हप्ते मला भरावयाचे होते. पॉलिसी हाती पडल्यावर न पटल्यास ती परत करण्याची सवलत असते. त्या वेळी ती साधारणपणे पंधरा दिवसांची होती, आता तीस दिवसांची आहे. माझे पंधरा दिवस केव्हाच सरले होते, कारण लखोटा मी न फोडताच कपाटात ठेवला होता. मी तक्रार केली. उत्तर आले की सर्व कागदांवर सही माझीच आहे. ते खरे होते.

घरात मी हे चार दिवस कोणास सांगितले नाही. गणिताच्या शिक्षकाला गणितात फसविले, ही लाज लाखापेक्षा मोठी वाटत होती. पाचव्या दिवशी दांडिया बाजारात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. ती सनदी लेखापालाच्या कचेरीत काही वर्षे काढून आता स्वतंत्रपणे लोकांना घरच्या अर्थव्यवहाराचा सल्ला देते आणि सेबीकडे तिची रीतसर नोंदणी आहे, हे मला ऐकून माहीत होते. ती काही विकत नाही, केवळ फी घेते, हेही ऐकले होते आणि त्याचे मला हसू आले होते. मी रस्त्यातच तिला सगळे सांगून टाकले.

तिने पहिला प्रश्न विचारला तो पॉलिसीविषयी नव्हता. "सर, तुमच्या घरचा महिन्याचा खर्च किती?"

मला सांगता आला नाही. "पेन्शन पुरते, एवढे खरे," असे मी म्हणालो.

"मग आज पॉलिसीचे काही ठरवू नका. हप्ता भरायला सवलतीचे तीस दिवस आहेत. उद्यापासून रोजकीर्द लिहा आणि तीन आठवड्यांनी काकूंना घेऊन या."

काकूंना घेऊन या, हे शब्द मला खटकले. पुढे कळले की तोच तिचा सर्वांत मोलाचा सल्ला होता.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघे गेलो. तिने पॉलिसीचा कागद उलगडून माझ्यासमोर ठेवला आणि हाती पेन्सिल दिली. "तुम्हीच मांडा सर." मी मांडलेले गणित येथे देतो, कारण ते तुम्हांला करता येण्यासारखे आहे.

पहिला मार्ग : आताच थांबावे. त्या पॉलिसीच्या अटींप्रमाणे तीन हप्ते भरल्याखेरीज काहीही परत मिळत नव्हते. म्हणजे एक लाख गेला. दुसरा मार्ग : "लाख कशाला घालवायचा? आणखी दोन हप्ते भरून पॉलिसी परत करू," असे मी मनात ठरवीत होतो तो. तीन हप्त्यांनंतर परत करता भरलेल्या रकमेच्या ३० टक्के मिळणार होते. तीन लाख भरावे आणि ९० हजार घ्यावे. तोटा २ लाख १० हजार. एक लाख वाचविण्यासाठी दोन लाख दहा हजार गमाविण्याची माझी पूर्ण तयारी झाली होती. हे गणित पाचवीतील मुलासही सुटेल. मग मला ते चार आठवडे का सुटले नाही? कारण मी गणित करीतच नव्हतो. मी माझ्या लाखाचा शोक करीत होतो.

तिसरा मार्ग : सर्व हप्ते भरावे. बोनस धरून पंधराव्या वर्षी सुमारे १५ लाख २० हजार मिळतील, असा कागदावर अंदाज होता. दहा लाखांचे पंधरा लाख, हे ऐकावयास बरे वाटते. पण प्रत्येक हप्ता किती वर्षे गुंतून राहतो ते मोजले म्हणजे व्याजाचा दर जेमतेम चार टक्के निघतो. यावर तिने विचारले, "जो लाख गेला तो हिशेबात धरूच नका. आजपासून जे नऊ लाख जाणार आहेत, तेवढ्यांचाच विचार करा. तेच दरवर्षी एक लाख याप्रमाणे ७ टक्क्यांनी दुसरीकडे ठेवले तर त्याच दिवशी किती होतील?" मी आकडे मांडले. सुमारे १७ लाख ९८ हजार. म्हणजे लाखावर पाणी सोडूनही मुदतीअखेर मी पावणेतीन लाखांनी पुढे राहत होतो. आणि पेन्शनीतून दरवर्षी लाख रुपये काढणे मला मुळात झेपणारे नव्हते, हे रोजकीर्दीने आधीच दाखविले होते.

मी लाखावर पाणी सोडले. (१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नव्या पॉलिसींत पहिल्या वर्षाच्या संपूर्ण हप्त्यानंतरही काही रक्कम परत मिळण्याची तरतूद झाली आहे. माझ्या वेळी ती नव्हती.)

येथे एक शंका तुमच्यापैकी चतुर विद्यार्थी काढतील. हे गणित जर शाळेतलेच आहे, तर त्यासाठी वस्ताद कशाला? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर माझ्या मते या विषयाचे मर्म आहे. पैशाच्या बाबतीत आपण चुकतो ते सूत्र येत नाही म्हणून क्वचितच. आपण चुकतो ते भीतीने, लाजेने, भिडेखातर, किंवा एकदा घेतलेला निर्णय चुकीचा होता हे कबूल करवत नाही म्हणून. स्वतःच्या डोळ्यांतले कुसळ स्वतःला काढता येत नाही. शल्यवैद्यसुद्धा आपल्या पोटावर शस्त्रक्रिया आपण करीत नाही. बाहेरचा, तटस्थ आणि आपल्या निर्णयातून ज्याला एक पैचाही लाभ नाही असा माणूस समोर बसला की तेच गणित सुटते.

रोजकीर्दीतून काय निघाले तेही सांगतो. तीन आठवड्यांचे तीन महिने झाले. किराणा आणि भाजी यांच्या खालोखाल सर्वांत मोठी रक्कम 'किरकोळ' या सदराखाली होती : महिन्याला सुमारे ६ हजार ४०० रुपये. किरकोळ या शब्दाची माझी कल्पनाच त्या दिवशी बदलली. त्यात रिक्षा होती, फरसाण होते, एका नातलगाला दिलेले आणि परत न येणारे हातउसने होते, आणि ज्यांची आठवणही राहिली नव्हती अशी मोबाईलवरील दोन मासिक वर्गण्यांची कापणी होती.

आणि माझी पत्नी? तिला रोजकीर्द लिहावयास शिकवावे लागलेच नाही. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब ती लग्नापासून लिहीत आली आहे. अर्धा लिटर, एक लिटर, 'नको', आणि महिनाअखेर बेरीज. दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूस कोणाच्या लग्नात किती आहेर दिला आणि आपल्याकडे किती आला, याची नोंद होती. तिने त्या पाठपोट नोंदींवरून सांगितले की वैशाखात आणि मार्गशीर्षात आपण दरवर्षी अडतो, आणि दरवर्षी आपल्याला त्याचे नवल वाटते. मार्गदर्शिकेने ते लगेच उचलले. दिवाळी, आहेर, घरपट्टी, आरोग्यविम्याचा हप्ता, वर्षाचे धान्य असे वर्षातून एकदाच येणारे सर्व खर्च मांडले. बेरीज ४८ हजार झाली. बारांनी भागले, चार हजार. ते दरमहा पेन्शन आल्या दिवशी निराळ्या खात्यात टाकावयाचे. एवढी साधी युक्ती! पण त्या वर्षापासून वैशाखात आम्ही कोणाकडे हात पसरला नाही.

तिसऱ्या भेटीत तिने विचारले, "तुमच्यामागे काकूंना कोणते कागद कोठे सापडतील?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि या प्रश्नाचे भय मला चांगले ठाऊक होते. २०११ साली माझे थोरले बंधू अचानक गेले. त्यांच्या खात्यांवर नामनिर्देशन आईचे होते, आणि आई त्यांच्या आधीच गेली होती. वहिनींना आपल्याच नवऱ्याची पुंजी हाती येण्यासाठी चौदा महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, आणि त्या काळात घर चालविण्यासाठी पाटल्या मोडाव्या लागल्या. हे सर्व डोळ्यांनी पाहूनही मी स्वतः काय केले होते? कपाट उघडून पाहिले तेव्हा माझ्या एका जुन्या खात्यावर नाव निघाले ते वडिलांचे. ते १९९४ मध्ये वारले. त्या आठवड्यात आम्ही पाच ठिकाणची नामनिर्देशने बदलली, साधे मृत्युपत्र केले, आणि एका वहीत सर्व खाती, पॉलिसी व ठेवी यांची यादी लिहिली. ती वही पत्नीच्या ताब्यात आहे. साऱ्या फीचे चीज त्या एका आठवड्यात झाले, असे मी समजतो.

आता थोडे मागे वळून पाहू. कर्जदाराच्या किंवा ठेवीदाराच्या बाजूने बसून हिशेब पाहणारे कोणी असावे, ही कल्पना आजची नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि नंतर आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. इतिहासात ते दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. या कायद्याने ठरविले की शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा, दिलेल्या पैशाची पावती त्याला मिळावी, आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा त्याला हक्क असावा. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्यापूर्वी कोणीतरी कागद पाहावा. २०१६ साली मला वाचता येत होते, तरी मीही अंगठेबहाद्दरच ठरलो, ही गोष्ट निराळी.

आपल्या बडोद्याचा याबाबतचा इतिहास तर अभिमानाचा आहे. १८८९ साली येथे विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन झाली. भारतातील पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचा उल्लेख केला जातो. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, म्हणजे मंडळी कायद्याहून पंधरा वर्षांनी जुनी. पुढे १९०८ मध्ये सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदाची स्थापना केली. अन्योन्य मंडळीतून पुढे वाढलेली बँक अखेर अडचणीत येऊन बंद पडली, हेही सांगितले पाहिजे. संस्था कितीही जुनी आणि मानाची असो, तिच्याकडे आपला पैसा ठेवताना डोळे मिटावयाचे नसतात. बँकेतील ठेवींना विम्याचे संरक्षण प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदारास ५ लाखांपर्यंत आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची, त्यापूर्वी ती १ लाख होती. सर्व पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांना हा आकडा तुम्ही अवश्य सांगा.

आता या क्षेत्रात कोण कोण वावरतात ते ओळखू. विमा एजंट आणि म्युच्युअल फंडाचे वितरक हे विक्रेते होत. त्यांना कंपनीकडून कमिशन मिळते. त्यात लांच्छनास्पद काही नाही, दुकानदारही नफा घेतोच, आणि त्यांत सचोटीची माणसे पुष्कळ आहेत. मात्र दुकानदाराला "मला याची गरज आहे का?" असे विचारून आपण त्याला उगाच धर्मसंकटात टाकतो. दुसरा वर्ग नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागारांचा. सेबीने त्यांच्यासाठी २०१३ मध्ये नियम केले आणि २०२० मध्ये ते अधिक कडक केले. एकाच ग्राहकाला सल्ला द्यायचा आणि त्यालाच माल विकून कमिशनही घ्यायचे, असे त्यांना चालत नाही. त्यांची फी ग्राहक देतो, तीही बँकेमार्फत, रोख नव्हे. त्यांचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत तो ताडून पाहता येतो.

तिसरे आपले वस्ताद, म्हणजे कोच. खरे पाहता 'कोच' या नावाला कायद्यात निराळे स्थान नाही. हिशेब लिहावयास शिकविणे, कर्ज फेडण्याचा क्रम लावून देणे, सवयी बदलण्यास मदत करणे हे कोणीही जाणता मनुष्य करू शकतो. परंतु अमुक शेअर घ्या, तमुक फंडात पैसे घाला असा सल्ला मोबदला घेऊन द्यावयाचा तर नोंदणी लागते. समाजमाध्यमांवर स्वतःला कोच म्हणविणारे आणि चित्रफितीच्या शेवटी हळूच एखादी योजना पुढे सरकविणारे अनेक आहेत. जो ठरावीक नफ्याची हमी देतो, जो पैसे स्वतःच्या खात्यात मागतो, किंवा जो "आजच ठरवा" असा तगादा लावतो, त्याच्यापासून दूर राहावे. माझ्या मार्गदर्शिकेने पहिल्याच दिवशी "आज काही ठरवू नका" म्हटले होते, हे लक्षात असेल.

फीविषयी मोकळेपणाने सांगतो. पहिल्या वर्षाच्या चार भेटींचे तिने बारा हजार रुपये सांगितले. मी चपापलो. आपल्या मराठी माणसाला डॉक्टरची फी कळते, वकिलाची कळते, पण 'नुसत्या बोलण्याचे' पैसे द्यावयाचे म्हटले की जिवावर येते. बाहेर पडल्यावर पत्नी म्हणाली, "फुकट चहा पाजणाऱ्याला लाख दिलेत, आणि या पोरीच्या बारा हजारांना अडता?" मी निमूटपणे परत फिरलो.

'फुकट' सल्ल्याची किंमत किती असते तेही पाहू. म्युच्युअल फंडांत १ जानेवारी २०१३ पासून 'डायरेक्ट' असा प्रकार आहे, ज्यात वितरकाचे कमिशन नसते. नेहमीच्या प्रकारात ते दरवर्षी फंडाच्या खर्चातून परस्पर जाते, म्हणून ग्राहकाला दिसत नाही. समजा, हा फरक एक टक्क्याचा आहे. ५ लाख रुपये वीस वर्षांत दरसाल १० टक्क्यांनी सुमारे ३३ लाख ६४ हजार होतात, आणि ९ टक्क्यांनी सुमारे २८ लाख २ हजार. फरक साडेपाच लाखांहून अधिक. (१० टक्के हा केवळ उदाहरणापुरता आकडा आहे. फंडात असा दर कोणी बांधून देत नाही.) एक टक्का म्हणजे शंभरातला एक नव्हे, हे चक्रवाढव्याज शिकविताना मी फळ्यावर कधी सांगितले नव्हते. पाठ्यपुस्तकात तसे उदाहरणच नव्हते.

परंतु या विषयाची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या घरात वीस तारखेलाच डबे रिकामे होतात त्या घराला वस्तादाची गरज दुय्यम असते. तेथे हवी असते पुरेशी मजुरी. गरिबाला 'काटकसर करा' असे शिकविणारे सल्लागार मला आवडत नाहीत. त्याच्याइतकी काटकसर त्यांनी स्वतः कधी केलेली नसते. मात्र कर्जाच्या फेऱ्यात सापडलेल्या अशा कुटुंबाला विनामूल्य मदत मिळू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये वित्तीय साक्षरता व कर्जसमुपदेशन केंद्रांची योजना आखली, २०१२ मध्ये तिला वित्तीय साक्षरता केंद्रांचे रूप दिले, आणि २०१७ पासून तालुक्यांच्या पातळीवरही अशी केंद्रे उघडण्याचा उपक्रम हाती घेतला. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत चौकशी केली की पत्ता मिळतो. तेथे फी नाही.

कर्जाच्या बाबतीत तर तटस्थ माणसाची गरज सर्वांत अधिक. दोन उदाहरणे देतो, ती वहीत उतरवून घ्या. आमच्या एका भाच्याने जुनी स्कूटर घेण्यासाठी ६० हजारांचे कर्ज काढले. विक्रेत्याने सांगितले, "व्याज फक्त १० टक्के, मुदत दोन वर्षे." व्याज १२ हजार, एकूण ७२ हजार, दरमहा ३ हजारांचे २४ हप्ते. वरकरणी बिनचूक. पण भाचा दरमहा मुद्दलही फेडीत होता. दोन वर्षांत त्याच्याकडे सरासरीने जेमतेम निम्मेच मुद्दल होते, आणि व्याज मात्र तो अखेरपर्यंत पूर्ण ६० हजारांवर देत होता. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर दर निघतो सुमारे १८ टक्के. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांना नव्या वैयक्तिक मुदत कर्जांत खरा वार्षिक दर एका स्वतंत्र तक्त्यात दाखविणे बंधनकारक झाले आहे. सही करण्यापूर्वी तो तक्ता मागावा.

दुसरे उदाहरण क्रेडिट कार्डाचे. बाकी २० हजार, व्याज दरमहा साडेतीन टक्के. बिलावर ठळक अक्षरांत छापलेले असते : किमान भरणा १ हजार रुपये. मनुष्य हजार भरतो आणि निश्चिंत होतो. आता वजाबाकी करा. व्याज ७००. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, १२६. हजारातून ८२६ गेले. मुद्दलातून फिटले ते अवघे १७४ रुपये. दरमहा साडेतीन टक्के चक्रवाढीने वर्षाला ५१ टक्के होतात. एवढे व्याज ऐकून सुप्याच्या सावकारानेही मान वळवून पाहिले असते.

अशा कर्जात सापडलेल्याला वस्ताद काय सांगतो? आधी सर्व कर्जे एका कागदावर दराप्रमाणे उतरवा. सर्वांचे किमान हप्ते भरून जे उरेल ते सर्वाधिक दराच्या कर्जावर घाला. ते फिटले की त्याचा हप्ता पुढच्यावर. पद्धत इतकी साधी आहे की ती चार ओळींत संपते. कठीण भाग पुढचा असतो : दर महिन्याला तो कागद कोणासमोर तरी ठेवावा लागणे. माझ्या भाच्याने पुढे कार्डाचे कर्ज याच रीतीने फेडले. तो कागद तो मला दाखवीत नसे, मामाची भीड वाटते म्हणे. तो माझ्या पत्नीला दाखवीत असे. चार महिने ठीक चालले, पाचव्या महिन्यात त्याने नवा मोबाईल घेतला, आणि त्या महिन्यात तो आमच्या घराकडे फिरकला नाही. मामीने दूरध्वनी करून त्याला जेवावयास बोलाविले आणि पोळी वाढता वाढता कागद मागितला. सोळाव्या महिन्यात कर्ज फिटले.

आम्ही दोघे अजूनही वर्षातून एकदा, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मार्गदर्शिकेकडे जातो. आता एकच भेट पुरते आणि फीही त्या मानाने थोडी असते. गेल्या खेपेस तिने नातीच्या शिक्षणासाठी काय साठले आहे ते विचारले. मी चष्मा शोधीत होतो. तेवढ्यात पत्नीने पिशवीतून वही काढली, पान उघडले आणि आकडा सांगितला. वर म्हणाली, "यात यांनी मागच्या महिन्यात घेतलेले चार हजार अजून परत टाकलेले नाहीत, ते धरलेले नाहीत."